फुगलेल्या पाकिटांची दोन दशकं

निकेल-कॅडमियमची बॅटरी भलतीच सोशिक होती. 1980च्या दशकात तामियाच्या 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट' या रिमोटच्या गाड्या पळवणारी मुलं सहा सेलचं 7.2 व्होल्टचं पॅक मोटारीच्या बॅटरीवरच्या चार्जरला लावत, टायमरची चकती पंधरा मिनिटांवर फिरवत आणि गप्पा मारायला निघून जात. पॅक हाताला गरम लागलं की भरलं, असा साधा हिशेब होता. जरा जास्त चार्ज झालं तर सेल तापायचे, त्यांचं आयुष्य घटायचं, क्वचित एखादा वायू सोडायचा. सहसा गोष्ट तिथेच संपायची.

रिमोटवर उडणाऱ्या विमानांना मात्र ही बॅटरी जड पडायची. इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी 1957 मध्ये 'रेडिओ क्वीन' हे विजेवर चालणारं मॉडेल विमान उडवून दाखवलं खरं. पण पुढची चाळीसेक वर्षं विजेचं विमान म्हणजे वजनाशी कुस्तीच होती. जोर हवा असेल त्याने इंधनाचं इंजिन बसवावं, ही रीत. ती मोडली लिथियम-पॉलिमरने. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हौशी मंडळींच्या हातात 'लायपो' आली आणि तेवढीच ऊर्जा निम्म्याहून कमी वजनात मिळू लागली. ज्यांची विमानं कशीबशी जमीन सोडत होती, ती सरळ आकाशाकडे तोंड करून चढू लागली.

सोबत जुन्या सवयीही आल्या, आणि आगी लागल्या त्या मुख्यतः सवयींमुळे.

निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज किंचित घसरतो. त्या काळचे 'हुशार' चार्जर नेमकी ही घसरण टिपून थांबत. लिथियमच्या सेलमध्ये अशी खूण मिळतच नाही. 4.2 व्होल्टला हात आखडता घेतला नाही, तर व्होल्टेज चढतच राहतो. म्हणजे निकेलचा चार्जर लायपोला लावला, की तो कधीच न येणाऱ्या खुणेची वाट पाहत करंट ढकलत बसणार. त्यात सुरुवातीच्या बऱ्याच लिथियम चार्जरांवर सेलची संख्या हाताने निवडावी लागे. दोन सेलचं पॅक 8.4 व्होल्टला भरतं, तीनचं 12.6 ला. पॅक दोनचं आणि बटण तीनवर राहिलं, तर चार्जर प्रत्येक सेलला 6.3 व्होल्टपर्यंत रेटायला निघतो. तिथवर मजल जाण्याआधीच सेलचं पाकीट उशीसारखं फुगतं, शिवण उसवते, आधी पांढरा धूर येतो आणि मग ज्वाळा.

फोनच्या बॅटरीत असं सहसा होत नाही, कारण तिच्या आत राखणदार सर्किट असतं. मर्यादा ओलांडली की ते वाट बंद करतं. मॉडेलच्या लायपोत ते बहुधा नसतंच. वजन वाचवायचं असतं, आणि क्षणात कित्येक अँपिअर खेचणाऱ्या मोटरला मध्ये अडथळा नको असतो. राखणदारी चार्जरने आणि माणसाने करायची, हा या छंदातला न लिहिलेला करार. माणूस चहाला गेला की करार मोडला.

आग एकदा लागली की विझवणं का अवघड, त्याचं उत्तर सेलच्या पोटात आहे. आतलं द्रावण मुळातच ज्वालाग्राही. 130 अंश सेल्सियसच्या आसपास दोन ध्रुवांमधला प्लास्टिकचा पडदा वितळतो, आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, आणि तापलेला धन ध्रुव स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतो. हवा तोडून ही आग गुदमरत नाही. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू असतो, त्यामुळे वाकून बघायला जाणं हा शुद्ध वेडेपणा.

गॅरेज आणि मोटारींच्या सीट जळाल्यावर मंडळी उपायांच्या मागे लागली. कोणी मातीच्या कुंडीत बॅटरी ठेवू लागलं, कोणी लष्करी दारूगोळ्याच्या जुन्या पत्र्याच्या पेट्या आणल्या. घट्ट बंद पेटीत वायू कोंडला तर पेटीचाच बॉम्ब होतो, म्हणून झाकणाचं रबर काढून टाकायचं, हा धडा त्यातूनच मिळाला. मग काचतंतूंच्या 'लायपो बॅग' आल्या आणि शर्यतींच्या अनेक मैदानांवर चार्जिंगसाठी सक्तीच्या झाल्या. त्यांच्याबद्दल गैरसमज मात्र फार. चांगली पिशवी ज्वाळा आणि ठिणग्या काही काळ अडवते. धूर अडवत नाही आणि उष्णता तर नाहीच. लाकडी टेबलावर पिशवी ठेवून निर्धास्त झोपणाऱ्याने फक्त पैसे खर्च केलेले असतात.

खरा फरक पडला तो एका बारक्या पांढऱ्या कनेक्टरने. पॅकमधल्या प्रत्येक सेलची तार वेगळी बाहेर काढणारी 'बॅलन्स लीड' रूढ झाली आणि चार्जरला एकेका सेलचा व्होल्टेज दिसू लागला. देशोदेशी ज्याच्या नकला निघाल्या तो 'आयमॅक्स बी6' हा चार्जर पाहा: चार बटणं, निळा पडदा, दोन ओळी. लायपो बॅलन्सचा पर्याय निवडायचा, 2200 मिलिअँपिअर-तासांच्या पॅकला 2.2 अँपिअर भरायचा, आणि स्टार्टचं बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं. लगेच सुरुवात होत नाही. पडद्यावर 'आर' आणि 'एस' अशी दोन अक्षरं येतात: चार्जरने मोजलेले सेल किती आणि तुम्ही सांगितलेले किती. दोन्ही जुळत असतील तरच एंटर दाबायचं. 2003च्या मंडळींना ही एवढी एक ओळ मिळाली असती, तर कित्येक गॅरेजं वाचली असती.

दरम्यान मोठ्या जगालाही हाच चटका बसत होता. 2006 मध्ये डेलने लॅपटॉपच्या 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सप्टेंबर 2010 मध्ये दुबईत लिथियम बॅटऱ्या भरलेलं मालवाहू विमान आगीमुळे कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानात माल म्हणून लिथियम-आयन बॅटऱ्या न्यायला बंदी आली, आणि मालवाहू विमानांत त्या 30 टक्क्यांहून जास्त भरलेल्या नसाव्यात असं ठरलं. अर्धवट भरलेली बॅटरी कमी धोक्याची, हे मॉडेलवाल्यांना ठाऊक होतं. वापरायची नसेल तर सेल 3.8 व्होल्टवर ठेवा, हा त्यांचा नियम जुनाच.

मग धोका वस्तीत आला. मार्च 2022 मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली आणि व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत, रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि दगावला. सरकारने वाहनांच्या बॅटरीचं एआयएस-156 हे मानक कडक केलं. ते डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. हौशी लायपो त्याच्या कक्षेत येत नाही.

एक समजूत अजून पुसलेली नाही: लिथियमच्या आगीवर पाणी टाकू नये. शुद्ध लिथियम धातूबाबत ती खरी आहे. चार्ज होणाऱ्या लायपोत तो धातू म्हणून भरलेला नसतो. म्हणूनच विमानात पेटलेल्या फोन-लॅपटॉपवर भरपूर पाणी ओतून सेल थंड करा, असं अमेरिकेचं विमान वाहतूक खातं सांगतं. वाळू ठिणग्या दाबते, थंड करत नाही. मात्र चार्जर भिंतीतल्या प्लगला जोडलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा.

आता हीच लायपो शेतावर पोचली आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिला बचत गटांना 15,000 ड्रोन देण्याचं ठरलं. छोट्या मॉडेल विमानाच्या तीन सेलच्या, 2200च्या पॅकमध्ये सुमारे 24 वॉट-तास ऊर्जा असते. फवारणीच्या ड्रोनला लागणाऱ्या सहा सेलच्या, 22,000च्या पॅकमध्ये 488, म्हणजे वीसपट. गावात ड्रोन आला असेल, तर त्याच्या बॅटऱ्या धान्याच्या खोलीत किंवा माजघरात चार्ज करू नका. अंगणातल्या सिमेंटच्या ओट्यावर, सावलीत, जवळ कुणीतरी बसलेलं असतानाच लावा, आणि फुगलेलं पाकीट कितीही महागाचं असलं तरी पुन्हा चार्जरला जोडू नका.