कोडची पडकई

'मीटअप' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एसी हॉल, गळ्यात पट्टा, फुकटचा टी-शर्ट आणि शेवटी समोसा. बरोबर ना? समोसा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. बाकीच्याची गरज नसते, हेच सांगायला हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंट छाप आहे, तेवढं सांभाळून घ्या.)

मीटअप म्हणजे सोप्या भाषेत काय, तर एकाच गावातली, एकाच गोष्टीचं वेड असलेली माणसं ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी भेटतात. कोणी काय केलं ते दाखवतं, कोणी कुठे अडकलं ते सांगतं. फी नाही, हजेरी नाही, सबमिशन तर नाहीच नाही.

माझी रूममेट आहुप्याची. मंचर, घोडेगाव, डिंभे धरण करत एसटी सह्याद्रीच्या कड्यापाशी जाते, तिथे आंबेगाव तालुका संपतो आणि खाली एकदम कोकण सुरू होतं. तिला मी मीटअप समजावत होते, तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे पडकईच की!" मला पडकई माहीत नव्हती. तुम्हालाही नसेल तर ऐका. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, महादेव कोळी समाजाच्या गावांमध्ये डोंगरउतारावर दगडांचे बांध रचून भाताची खाचरं तयार करतात. हे काम एका घराला झेपत नाही. म्हणून काही घरं एकत्र येतात. आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही, पाळी देतात. आता विचार करा, प्रोग्रॅमर लोक एकमेकांचा बग शोधायला बसतात तेव्हा दुसरं काय करतात?

जगातली सगळ्यात गाजलेली अशी पडकई अमेरिकेत झाली. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये पंचवीस-तीस माणसं जमली. 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची ती पहिली सभा. निमित्त होतं आल्टेअर ८८०० नावाचा, घरी जोडायचा कॉम्प्युटर. त्या गर्दीत स्टीव्ह वॉझ्नियॅकही होता. पुढे त्याने ॲपल-१ बनवला आणि तो याच क्लबात आणून दाखवला, सर्किटचे नकाशेसुद्धा वाटले. क्लब १९८६ पर्यंत चालला.

पण मला त्यांचा फेमस मेंबर महत्त्वाचा वाटत नाही, सभा चालवायची पद्धत महत्त्वाची वाटते. सभा वाढल्यावर ली फेलसेन्स्टाईन हे सूत्रं सांभाळायचे. आधी 'मॅपिंग' असायचं. ज्याला बोलायचंय त्याने उठून थोडक्यात सांगायचं, माझ्याकडे हे आहे, मला ते हवंय, मी इथे अडकलोय. मग 'रँडम ॲक्सेस', म्हणजे मोकळं सोडायचं! ज्याला ज्याच्याशी काम आहे त्याने त्याला गाठायचं. मेमरीचे दोन शब्द उचलून सभेला लावले आणि झालं. मला विचाराल तर याहून चांगली पद्धत अजून निघालेली नाही. आपल्याकडे 'गेस्ट लेक्चर' म्हटलं की एक माणूस दीड तास बोलतो, आणि शेवटी "एनी डाऊट्स?" विचारल्यावर सगळे बुटांकडे बघतात. मॅपिंगमध्ये बुटांकडे बघायची सोयच नाही.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सुरू केलं, तेही टेलिफोनच्या लाईनवरून, कुर्रर्र आवाज करत. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. सीडी मिळाली, पण पुढे काय? बरेचसे स्वस्त मोडेम विंडोजसाठीच बनवलेले, लिनक्सवर चालायचेच नाहीत. आणि नेटच चालत नसेल तर नेट कसं चालवायचं हे नेटवर शोधणार कसं? उत्तर एकच, ज्याचं चाललंय त्याला गाठा! देशभर लिनक्स युजर्स ग्रुप उभे राहिले ते यातूनच. पुण्यातला ग्रुप 'प्लग' नावाने ओळखला जातो. मशीन खांद्यावर घेऊन यायचं आणि इन्स्टॉल करून न्यायचं, अशा 'इन्स्टॉल फेस्ट'चा तो काळ. मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये 'ग्नूनिफाय' हा मोफत सॉफ्टवेअरचा मेळावा कैक वर्षं भरत असे, आणि तो चालवण्यात विद्यार्थी पुढे असत. पायथॉनवाल्यांची 'पायकॉन इंडिया' २००९ मध्ये बंगलोरला सुरू झाली, २०११ मध्ये ती पुण्यात भरली. रुबीवाल्यांचीही मोठी परिषद पुण्यात झाली आहे.

म्हणजे मग आपण शिवाजीनगरची बस पकडून पुण्यातल्या मीटअपला जावं की! जावंच. पण होस्टेलवरून निघून, दोन बस बदलून, परत इन-टाईमच्या आत गेटवर यायचं म्हणजे मुलींना सभेतून निम्म्यात उठावं लागतं. आणि दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. मागे एका कार्यक्रमाला आम्ही दोघी गेलो होतो. रूममेटने प्रश्न विचारला, प्रश्न चांगला होता, पण मराठीत होता. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. ती दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकली आहे. पहिल्या वर्षी तिने डिक्शनरी घेऊन सी पाठ केलं, आणि पॉइंटर तिला माझ्यापेक्षा चांगले कळतात. त्यानंतर ती अशा कार्यक्रमाला आलेली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही गेले नसते.

म्हणून यंदा आपल्या कॉलेजात आम्ही सहा जणांनी ग्रुप सुरू केला. त्याला अजून नाव नाही आणि मुद्दामच ठेवलेलं नाही, कारण नाव ठेवलं की लोगो लागतो, लोगो लागला की भांडणं लागतात. नियम दोनच. बोलायचं त्या भाषेत, जी तुम्ही मेसमध्ये बोलता. आणि बोलायचं पाच मिनिटं, घड्याळ लावून.

चौथ्या भेटीत रूममेटला पाच मिनिटं मिळाली. विषय होता ऑपरेटिंग सिस्टिममधलं 'राउंड रॉबिन'. तिने फळ्यावर पाच शेतं काढली. प्रत्येक शेताला एक दिवस, मग पुढच्याची पाळी. मेकॅनिकलचा एक जण म्हणाला, "ज्याचं शेत मोठं, त्याचं काम एका दिवसात नाही झालं तर?" ती म्हणाली, "मग त्याने परत रांगेच्या शेवटी जायचं. त्याचं काम उरलं म्हणून बाकीच्यांनी पावसात थांबायचं का?" मित्रांनो, प्रोसेसला ठरावीक वेळ द्यायचा आणि काम उरलं तर तिला क्यूच्या शेवटी पाठवायचं, हे पुस्तकात दोन पानं आहे! मग दिवस लहान ठेवला तर काय, यावर वाद रंगला. दिवस फार लहान ठेवला तर या शेतावरून त्या शेतावर चालण्यातच वेळ जातो, तसाच सीपीयूचाही जातो. त्यालाच कॉन्टेक्स्ट स्विचचा खर्च म्हणतात. त्या टॉपिकवर आता आमच्यापैकी कोणाचा मार्क जाणार नाही, लिहून देते.

असे ग्रुप चालू करणं सोपं असतं, मरतात ते दुसऱ्या वर्षी. कारण बहुतेक वेळा एकच उत्साही माणूस सगळं करतो. हॉलची परवानगी, प्रोजेक्टर, निरोप, चहा. मग त्याचं प्लेसमेंट होतं, पार्टी होते आणि ग्रुप संपतो. सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये 'बस फॅक्टर' असा एक आचरट शब्द आहे. किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आपल्या कॉलेजमधल्या बहुतेक क्लबांचा आकडा एक आहे! आम्ही म्हणून पाळी लावली. प्रत्येक भेट दोघांनी घ्यायची, त्यातला एक तरी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा. लॅबची चावी आणण्यापासून कप मोजण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. यंदा शेवटच्या वर्षाचे चार जण जातील. तेव्हा बाकीच्यांना चावी कुठून आणायची हे तरी माहीत असेल.

दिवस मात्र बदलायचा नाही. महिन्याचा पहिला शनिवार म्हणजे पहिला शनिवार, तीन जण आले तरी भेट होणार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अशा कितीतरी भेटी स्क्रीनवर गेल्या. स्क्रीनवर ऐकायला सोपं जातं, पण शेजारी बसलेल्याच्या कोडमध्ये डोकावता येत नाही. आणि खरं शिक्षण डोकावण्यातच होतं, हे परीक्षा विभाग सोडून सगळ्यांना मान्य असावं.

स्टाफच्या वाचकांना एक विनंती. आम्हाला बजेट नको, पाहुणे नकोत, उद्घाटनाचा नारळ तर नकोच. शनिवारी साडेपाच ते साडेसात लॅब उघडी मिळावी, म्हणजे मुलींच्या इन-टाईमच्या आत सगळं आटोपतं. सध्या आम्ही ड्रॉइंग हॉलच्या पायऱ्यांवर बसतो, लॅपटॉप तीन, चार्जिंगला प्लग एक. फळा वॉचमनकाकांनी स्टोअरमधून काढून दिला, तो एका बाजूने फुटलेला आहे.

पुढच्या भेटीत सिव्हिलच्या दोघी धरणातल्या पाण्याचा हिशोब पायथॉनमध्ये कसा मांडायचा ते दाखवणार आहेत. चहाची पाळी दुसऱ्या वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची. येताना कप आपापला आणा.