घर विकताना दलाल कोणाचा?

वऱ्हाडातील शेतकऱ्यास अडत्या म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. माल बाजारात नेऊन अडत्याच्या स्वाधीन करावयाचा, त्याने गिऱ्हाईक पाहून भाव करावयाचा आणि अडत कापून पट्टी द्यावयाची, ही रीत येथे शंभर वर्षांहून जुनी आहे. हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची पद्धतही एके काळी रूढ होती. माल ज्याचा, त्यालाच भाव शेवटी कळावयाचा! अशा व्यवहारांना शिस्त लावण्यासाठी वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजाराचा कायदा 1897 साली झाला. पुढे 1963 मध्ये महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजारविषयक कायदा आला. गाडीभर कापसाच्या दलालीवर अशा रीतीने सव्वाशे वर्षे कायद्याची नजर आहे. परंतु एखाद्या शिक्षकाने वा कारकुनाने भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढून, हप्ते फेडून बांधलेले घर विकावयास निघते, तेव्हा मात्र रुमाल अजूनही हातावर पडलेलाच असतो.

यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या गावांत हा प्रश्न आता घरोघरी उभा राहू लागला आहे. मुले नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याकडे स्थायिक होतात, आईवडील थकतात आणि लेआऊटमधील घर विकण्याचा निर्णय होतो. आयुष्यात एकदाच करावयाचा हा व्यवहार. याउलट दलालाचा तो रोजचाच धंदा. मग ‘दलाल चांगला आहे का?’ अशी चौकशी केली जाते. वस्तुतः त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: हा दलाल कोणाचा, आणि आपले त्याच्याशी नाते कोणते?

नात्याचे चार प्रकार

आपल्याकडे हे नाते साधारणतः चार प्रकारचे आढळते. पहिला प्रकार खुल्या दलालीचा. चार-पाच जणांच्या कानावर घालावयाचे. जो गिऱ्हाईक आणील त्याला दलाली. यात मालक बांधला जात नाही, हे खरे. पण कोणीच मनापासून खटपट करीत नाही, एकच घर पाच तोंडांनी पाच किमतींना सांगितले जाते आणि ‘गिऱ्हाईक आधी मी आणले’ हा तंटा अखेर मालकाच्या दारात येतो.

दुसरा प्रकार एकाच दलालास ठराविक मुदतीपुरते काम सोपविण्याचा. जबाबदारी निश्चित होते, म्हणून श्रमही घेतले जातात. मात्र मुदत लिहिलेली नसेल तर हे नाते गळ्यातील लोढणे ठरते. शिवाय मालकाने स्वतः नातलगास वा शेजाऱ्यास घर विकले तर दलाली द्यावयाची की नाही, हेही आधीच ठरलेले असावे लागते.

तिसरा प्रकार ‘इतके माझ्या हातात द्या, वरचे तुमचे’ हा. हिशेबाला सोपा म्हणून तो अनेकांना आवडतो. परंतु येथे दलाल हा दलाल राहतच नाही. आपणांस कमी किमतीवर राजी करण्यातच त्याचा लाभ असतो. चौथ्या प्रकारात तो स्वतःच थोडा इसार देऊन सौदाचिठ्ठी वा मुखत्यारपत्र करून घेतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. घर अडकते मालकाचे, धोका पत्करतो मालक, आणि चढत्या भावाचा फायदा दुसऱ्याच्या पदरी पडतो.

याखेरीज दोन्हीकडून दलाली घेण्याची चाल सर्वत्र आहेच. विकणाऱ्यास जास्त आणि घेणाऱ्यास कमी किंमत हवी असता दोघांचाही वकील एकच कसा असू शकेल? तो फार तर मध्यस्थ असू शकतो. तसे असेल तर त्याने ते स्पष्ट सांगावे, आणि आपण त्याच्याजवळ आपली अखेरची किंमत उघड करू नये.

हिशेब काय सांगतो?

दलाल अप्रामाणिकच असतो असे मुळीच नाही. त्याचा हिशेब आपल्या हिशेबाहून वेगळा असतो, एवढेच. समजा, घरास चाळीस लाखांचे गिऱ्हाईक आले आहे आणि दलाली शेकडा दोन ठरली आहे. दोन महिने थांबल्यास बेचाळीस लाख मिळण्याचा संभव आहे. थांबण्यात मालकाचा लाभ 1 लाख 96 हजारांचा. दलालाचा केवळ 4 हजारांचा. चार हजारांसाठी दोन महिने खेटे कोण घालील? ‘भाव पडताहेत, देऊन टाका’ हा सल्ला येथून जन्मास येतो. अमेरिकेतील लेव्हिट व सायव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध केला. दलालांनी स्वतःची घरे विकली तेव्हा ती सरासरी साडेनऊ दिवस अधिक थांबून विकली आणि सुमारे 3.7 टक्के अधिक किंमत मिळविली, असे त्यांना आढळले. यवतमाळचा माणूस शिकागोच्या माणसाहून या बाबतीत निराळा असण्याचे कारण नाही.

कायदा आहे, कागद नाही

स्थावर संपदा कायद्याखाली दलालांची नोंदणी 2017 पासून सुरू झाली आणि 2023 मध्ये महारेराने त्यांना प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक करण्याचा आदेश काढला. परंतु ही व्यवस्था नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. जुन्या घराच्या फेरविक्रीतील दलाल सामान्यतः तिच्या कक्षेत येत नाही. तरीही मालक अगदी निराधार नाही. 1872 चा करार कायदा त्याच्या बाजूने बरेच काही सांगतो. मालकास अंधारात ठेवून दलालाने स्वतःच्या लाभासाठी व्यवहार केला, तर तो लाभ मागण्याचा मालकास अधिकार आहे. वेगळा करार नसेल तर सोपविलेले काम पुरे झाल्याखेरीज मोबदला देय होत नाही, आणि गैरवर्तन करणाऱ्यास त्या भागापुरता मोबदला मिळत नाही. मुखत्यारपत्रावरील तथाकथित विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ठामपणे सांगितले आहे. उणीव आहे ती तोंडी बोलीच्या आपल्या सवयीत.

म्हणून एक साधा कागद करावा. एकाच दलालास दोन-तीन महिन्यांपुरते काम द्यावे. स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकास विकण्याचा हक्क राखून ठेवावा. दलाली किती, ती इसाराच्या वेळी द्यावयाची की खरेदीखताच्या नोंदणीनंतर, आणि तो समोरच्याकडून काही घेणार काय, हे त्यात लिहावे. इसार मालकानेच घ्यावा. मुखत्यारपत्र देऊ नये. तत्पूर्वी आखीव पत्रिका व कराच्या पावत्या जुळवून ठेवाव्यात आणि शेजारच्या घरांच्या अलीकडील व्यवहारांची सूची क्रमांक दोन पाहावी. तीवरून सौद्यांचा अंदाज येतो. त्यांतील काही आकडे खऱ्या किमतीहून कमी लिहिलेले असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

शासनानेही फेरविक्रीतील दलालांसाठी किमान नोंदणी आणि कराराचा मराठी नमुना सक्तीचा करावा. दलाल ही बाजाराची गरज आहे. त्याला शिव्या देऊन ती भागणार नाही. वऱ्हाडाने कापसाच्या बाजारात जे शहाणपण 1897 साली शिकून घेतले, ते घराच्या बाजारात आणण्यास आणखी किती वर्षे लावावयाची?