वाळू अडवा, पाणी जिरवा

धरण गाळाने भरले की ते निकामी झाले, असे आपण धरतो. पण केनियाच्या आग्नेय भागात, उकांबानीत, नदीवर भिंत घालतात ती मुळात वाळू साचावी म्हणून. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीमागचा खड्डा वाळूने काठोकाठ भरला की बंधारा कामाला लागला असे समजायचे. वरून पाहणाऱ्याला पाण्याचा टिपूसही दिसत नाही, गुरे त्यावरून खुशाल चालत जातात. पाणी असते ते खाली, वाळूच्या कणाकणांमधल्या फटींत.

उकांबानी म्हणजे कांबा लोकांचा मुलूख. माचाकोस, माकुएनी आणि कितुई हे त्यातले तीन जिल्हे. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यातला दुसराच त्यातल्या त्यात भरवशाचा. पावसात नद्या धो धो वाहतात आणि थोड्याच दिवसांत नुसता वाळूचा पट्टा उरतो. मग बायका पात्रात झिरे खणतात. माणदेशातल्या जुन्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. उन्हाळा लांबला की झिरा खोल जातो, रांग वाढते आणि शेवटी दुसऱ्या नदीची वाट धरावी लागते. वाळूबंधाऱ्याने या झिऱ्यालाच बारमाही करायचे, एवढीच त्यातली कल्पना.

हिशेब सोपा आहे. जाड वाळूत घनफळाच्या पंचवीस ते चाळीस टक्के पाणी मावते. दहा हजार घनमीटर वाळू अडली आणि तीस टक्के धरले, तर तीस लाख लिटर झाले. माणशी वीस लिटरने पाचशे माणसांना ते कागदावर तीनशे दिवस पुरते. शिवाय प्रत्येक पुराला साठा पुन्हा भरतो. दोन-तीन फुटांच्या खाली उन्हाची झळ जवळजवळ पोचत नाही, म्हणून उघड्या तळ्यासारखे पाणी उडून जात नाही. डासांना अंडी घालायला जागा नसते आणि गाळणीही आपोआप होते. पाणी काढायला भिंतीतून नळ काढतात, नाहीतर काठावर उथळ विहीर खणून हातपंप बसवतात. कागदावरच्या लिटरांतले काही काठांत मुरते, काही खालून पाझरते. देणग्या गोळा करणाऱ्या संस्थांच्या पत्रकांतले मोठाले आकडे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

खरे कसब जागा निवडण्यात आहे. पात्राखाली फार खोल नाही असा अखंड कातळ हवा आणि भिंत त्यात पक्की रुतायला हवी, नाहीतर सगळे पाणी पायाखालून निघून जाते. भिंतीचे पंख दोन्ही काठांत लांबवर घुसवावे लागतात. ते आखूड राहिले तर नदी एखाद्या पुरात बाजूने नवी वाट काढते आणि भिंत कोरड्या रानात उभी राहते. फळ्यांचे सेंट्रिंग लावून आत दगड आणि सिमेंटचा माल भरतात. सळ्यांच्या जोडीला काटेरी तार वापरतात, ती स्वस्त पडते. उंची एक ते पाच मीटर. जिथे पुराबरोबर वाळू कमी आणि माती जास्त येते तिथे भिंत एकदम न चढवता थराथराने वाढवतात. जड वाळू खाली बसते, हलका गाळ पुराबरोबर भिंतीवरून पुढे जातो. घाई केली की मागे गाळच साचतो, आणि गाळ पाणी धरतो पण सोडत नाही.

ही युक्ती आजची नव्हे. नामिबियात ऑटो विप्लिंगर या अभियंत्याने १९५०च्या दशकातच वाळूत पाणी साठवण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला होता, आणि त्याच सुमारास वसाहतीच्या सरकारने उकांबानीतही असे काही बंधारे बांधले. पण ती सरकारी कामे होती. गावाच्या हाती ही विद्या आली ती जोशुआ मुकुस्या यांच्यामुळे. माचाकोसजवळच्या कोला भागात त्यांनी १९७८ मध्ये उटूनी गट उभा केला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन बंधारे बांधायला सुरुवात केली. कांबा लोकांत एकमेकांच्या कामाला मिळून जायची म्वेथ्या नावाची रीत पूर्वापार आहे. आपल्याकडच्या इर्जिकीसारखीच ती, फक्त हातात नांगराऐवजी कुदळ. म्वेथ्यात बायकाच जास्त. दगड गोळा करणे, वाळू आणि पाणी वाहणे, पाया खणणे हे सगळे त्याच करतात.

मुकुस्यांच्या भागात बंधाऱ्याच्या कामाला आलेले साइमन मॅड्रेल हे ब्रिटिश गृहस्थ. त्यांनी २००२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘एक्सलंट डेव्हलपमेंट’ ही धर्मादाय संस्था काढली; पुढे तिचे नाव ‘सँड डॅम्स वर्ल्डवाइड’ झाले. कितुईत ‘सासोल’ ही केनियातलीच संस्था १९९० पासून काम करते आहे. एकाच नदीवर ओळीने एकामागून एक बंधारे घालणे ही तिची खासियत.

मदतीची वाटणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. देणगीच्या पैशातून सिमेंट, सळई, आराखडा आणि कुशल गवंडी. दगड, वाळू, पाणी आणि अंगमेहनत गटाची. दोन्ही काठांच्या जमीनमालकांकडून, पाण्यावर सगळ्यांना येऊ देऊ, असे आधी लिहून घेतात. आणि डोंगरउतारावर आधी मजगी घालायची. चर खणून माती वरच्या अंगाला टाकायची ही तिथली पद्धत, म्हणजे शेतातली माती नदीत येत नाही आणि भिंतीमागे निखळ वाळू साचते. ही अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. मजगी न घालता नुसती भिंत बांधून फोटो काढणे कितीतरी सोपे आहे, आणि असे बंधारे गाळाने भरूनही जातात.

उतारावरच्या या मजग्यांना जुना इतिहास आहे. १९३०च्या दशकात माचाकोसची जमीन धुपून संपली असे सरकारी अधिकारी लिहीत होते. पुढच्या साठ वर्षांत लोकसंख्या पाचपटीहून जास्त वाढली आणि धूप उलट कमी झाली. मेरी टिफेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या पुस्तकात हे सप्रमाण मांडले. म्हणजे बाहेरची देणगी पोचायच्या आधीपासून कुदळ चालूच होती.

या बंधाऱ्यांचा खरा शत्रू दुष्काळ नाही, ट्रक आहे. नैरोबीच्या इमारतींना वाळू लागते आणि ती याच पात्रांतून जाते. त्यावरून माकुएनीत मारामाऱ्या झाल्या, माणसे मेली. शेवटी २०१५ मध्ये तिथल्या जिल्हा सरकारला वाळूच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे हे चित्र रात्रीच्या डंपरांमुळे घराघरात ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यात येरळेकाठच्या गावांनी मुक्ती संघर्षाच्या चळवळीत ठेकेदारांच्या उपशाविरुद्ध भांडण मांडले, आणि मर्यादित वाळू स्वतः विकून व लोकवर्गणी जमवून बळीराजा धरण उभे केले. तिथला बंधारा पाणी उघड्यावर साठवणारा, पण वाळू कोणाची हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

अशा कामाला कोणी देणगी मागितली तर जरूर द्यावी, पण यंदा किती बंधारे बांधले एवढ्यावर समाधान मानू नये. पाच वर्षांपूर्वी बांधलेल्या बंधाऱ्यात सप्टेंबरअखेर, पावसाच्या तोंडावर, पाणी लागते का. तो गट अजून जमतो का. आणि पात्रातली वाळू जागेवर आहे का, हेही विचारावे.