तीन महिन्यांची मुदत

घरात बाळ जन्माला आले की आनंदाच्या गडबडीत एक गोष्ट कधीकधी नजरेतून सुटते. बाळ एक हात मुठी वळून हलवीत असते. दुसरा मात्र अंगालगत लुळा पडलेला असतो. कोपर सरळ, खांदा आत वळलेला. दचकले तरी तो हात उचलला जात नाही. "गर्भात अवघडला असेल, मालिशीने सुटेल," असे वडीलधारी माणसे मायेने म्हणतात. परंतु हे अवघडणे नसून नसांची इजा असू शकते, आणि तिच्या उपचाराला मुदत असते. व्यापारी घराण्यांना मुदतीचे महत्त्व सांगावे लागत नाही. म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

मानेच्या मणक्यांतून निघणाऱ्या पाच प्रमुख नसा एकत्र येऊन मान आणि काख यांच्या दरम्यान एक जाळे तयार करतात. वैद्यकशास्त्रात त्यास 'ब्रेकियल प्लेक्सस' म्हणतात. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतची हालचाल व संवेदना या जाळ्यावर अवलंबून असते. प्रसूतीच्या वेळी डोके बाहेर येऊन बाळाचा खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकला, तर या नसा ताणल्या जातात, क्वचित तुटतात. हजार जन्मांमागे साधारणतः एक ते दोन बाळांत ही इजा आढळते. बाळाचे वजन अधिक असणे, आईला मधुमेह असणे, प्रसूतीसाठी चिमटा वा व्हॅक्यूम वापरावा लागणे, ही तिची प्रमुख कारणे. जर्मन वैद्य एर्ब यांनी १८७४ साली वरच्या नसांच्या इजेचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. ग्रहण, डोहाळे किंवा सुनेचे खाणेपिणे यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे घरातील ज्येष्ठांनी आवर्जून लक्षात घ्यावे.

दिलाशाची गोष्ट अशी की बहुतेक बाळांच्या नसा केवळ ताणलेल्या असतात व हात पुष्कळसा आपोआप सुधारतो. अडचण उरलेल्यांची आहे. तुटलेली नस आपोआप जुळत नाही. जुळवलेली नसही दिवसाला सुमारे एक मिलिमीटर एवढ्याच गतीने वाढते. आणि वर्ष-दीड वर्ष नसेवाचून राहिलेला स्नायू पुढे नस पोहोचली तरी पुरेसा साथ देत नाही. म्हणून तज्ज्ञ पहिल्या तीन महिन्यांकडे बारकाईने पाहतात. तोवर बाळ कोपर वाकवून हात तोंडाकडे नेऊ लागले नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ती बहुधा तिसऱ्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान केली जाते. पोटरीतील एका नसेचा तुकडा घेऊन तुटलेल्या जागी जोडला जातो. संपूर्ण हात व बोटे लुळी असतील किंवा त्या बाजूची पापणी खाली आलेली असेल, तर तीन महिने न थांबता पहिल्या महिन्यातच तज्ज्ञांकडे जावे.

आपल्याकडे उशीर होतो तो निष्काळजीपणामुळे नव्हे, रीतीमुळे. पहिले बाळंतपण माहेरी होते. निर्णय मात्र सासरच्या संमतीसाठी थांबतो. सव्वा महिना बाळाला बाहेर काढत नाहीत. सुतकाचे नियम मंदिर व पूजा यांच्यापुरते आहेत. ते दवाखान्याची वाट अडवत नाहीत.

मग काय करावे? पहिल्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना हात दाखवावा. गळ्याजवळचे हाड मोडले असले तरी बाळ हात हलवीत नाही. तेव्हा तीही तपासणी व्हावी. मालिशवाल्या बाईंना हात न ओढण्याची स्पष्ट ताकीद द्यावी. बाळाला हाताला धरून किंवा काखेत हात घालून कोणीही उचलू नये. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हलके व्यायाम दुपटे बदलताना दरवेळी करावेत, म्हणजे सांधे आखडत नाहीत. दर महिन्याला हाताच्या हालचालीचे छायाचित्रण तारखेसह ठेवावे. तज्ज्ञांना त्याचा मोठा उपयोग होतो.

सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठता येते. परळचे वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांचीच सेवा करीत आहे. बॉम्बे हॉस्पिटलचे प्लॅस्टिक सर्जन डॉ. मुकुंद थत्ते यांचे या नसांच्या शस्त्रक्रियेतील कार्य देशभर परिचित आहे. कोइमतूरचे गंगा हॉस्पिटलही या उपचारांसाठी प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला; त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची विनामूल्य तपासणी होते. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात त्याची चौकशी करावी.

ज्यांचे मूल आज दोन-चार वर्षांचे आहे, त्यांनीही निराश होऊ नये. नस जोडण्याची वेळ टळली असली तरी चांगल्या स्नायूची दोरी दुसरीकडे वळवून खांद्याची हालचाल सुधारता येते.

आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. हिराबागेसारख्या धर्मशाळा पूर्वजांनी परगावी आलेल्यांच्या निवाऱ्यासाठीच उभारल्या. गावोगावच्या मंडळांनी अशा एखाद्या बाळाच्या मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च उचलला, आणि महिलामंडळाने नव्या आईला केवळ एवढे विचारले, "बाळ दोन्ही हात सारखे हलवते ना?" तरी ते औषधदानच ठरेल.