परवान्यावर खेळलेला गोलंदाज

१९३१ च्या नोव्हेंबरात ब्रिस्बेन येथे न्यू साउथ वेल्सविरुद्धच्या सामन्यात क्वीन्सलँडच्या एका गोलंदाजाने आपल्या पहिल्याच षटकात दोन बळी घेतले. पहिल्या चेंडूवर सलामीचा फलंदाज यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतला. मागोमाग आलेल्या फलंदाजाच्या हातातील बॅट एका चेंडूने उडवली आणि थोड्याच वेळात तोही भोपळा न फोडता त्याच रीतीने बाद झाला. हा दुसरा फलंदाज म्हणजे डॉन ब्रॅडमन. आदल्याच वर्षी इंग्लंडमधील एका मालिकेत त्याने ९७४ धावा काढल्या होत्या. पुढे मॅकेबने नाबाद २२९ धावा करून न्यू साउथ वेल्सला विजयाच्या वाटेवर नेले, हे खरे; पण आपण याहून वेगवान गोलंदाजी खेळलो नाही, ही ब्रॅडमनची ग्वाही मात्र कायम राहिली.

त्या गोलंदाजाचे नाव एडी गिल्बर्ट. अवघ्या चार-पाच पावलांच्या धावेवरून तो विलक्षण वेग निर्माण करीत असे. १९३०-३१ ते १९३५-३६ या सहा हंगामांत २३ प्रथम श्रेणी सामन्यांत त्याने ८७ बळी घेतले. कसोटी सामना मात्र त्याच्या वाट्याला एकही आला नाही.

या आकड्यांत न दिसणारी गोष्ट अशी की, गिल्बर्ट आदिवासी होता आणि बारम्बा येथील सरकारी वसाहतीत राहत होता. १८९७ च्या क्वीन्सलँडच्या कायद्याने आदिवासींना ‘संरक्षण’ दिले होते. या संरक्षणाचा अर्थ असा की, वसाहतीबाहेर पाऊल टाकण्यास अधिकाऱ्याची परवानगी लागे, आणि कष्टाच्या कमाईवरही त्याच अधिकाऱ्याचा ताबा असे. राज्याच्या संघातून खेळावयाचे, तर गिल्बर्टलाही ही परवानगी घ्यावी लागे. प्रेक्षकांच्या टाळ्या घेणारा हा खेळाडू स्वतःच्या पायांचाही धनी नव्हता.

त्याच्या गोलंदाजीवर आक्षेप होता, हे लपविण्याचे कारण नाही. १९३१ च्या डिसेंबरात मेलबर्न येथे पंच बार्लो यांनी तो चेंडू फेकतो असे ठरवून वारंवार ‘नो-बॉल’ पुकारला. नियमाचा अंमल करणे हे पंचाचे कर्तव्यच आहे. पण इतर पंचांनी तीच गोलंदाजी ग्राह्य धरली, आणि त्यानंतरही तो कित्येक हंगाम खेळत राहिला. शतकाच्या आरंभी जॅक मार्श या दुसऱ्या वेगवान आदिवासी गोलंदाजावरही हाच ठपका आला होता आणि त्यालाही कसोटी संघाचे दार उघडले नाही. गिल्बर्टचा हात वाकत होता की नाही, यावर जाणकारांनी खुशाल वाद घालावा. त्याच्या कारकिर्दीचा निर्णय त्याच्या हाती नव्हता, याविषयी वाद संभवत नाही.

ती कारकीर्द संपली तीही याच रीतीने. १९३६ मध्ये क्वीन्सलँडच्या क्रिकेट संघटनेने सरकारी संरक्षकाशी पत्रव्यवहार करून त्याला वसाहतीत परत पाठविण्याचे ठरविले. त्याच्यासाठी घेतलेले खेळाचे पांढरे कपडे धुऊन संघटनेकडे पोहोचते करावेत, अशीही व्यवस्था सुचविण्यात आली. अलीकडे त्याची कामगिरी उतरली होती, हे मान्य केले तरी, सहा हंगाम राबलेल्या खेळाडूला निरोप देण्याची ही रीत नव्हे. उतरती कळा प्रत्येक खेळाडूला लागते. पण त्याचा हिशेब अंगावरच्या कपड्यांपर्यंत कोणी नेत नाही.

१९४९ मध्ये गिल्बर्टला मानसिक रुग्णालयात दाखल करण्यात आले. आयुष्याची उरलेली जवळजवळ तीन दशके तेथेच काढून १९७८ च्या जानेवारीत तो मरण पावला. २००८ मध्ये ब्रिस्बेनमध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला. उशिरा का होईना, हा सन्मान योग्यच होता. पण तेथे थांबणाऱ्याने ब्रॅडमनचा बळी तेवढा आठवून पुढे जाऊ नये. त्या बळीसाठी मैदानावर येण्यासदेखील या माणसाला परवाना लागत होता, याचेही स्मरण ठेवावे.