बायपास एकाची, धास्ती सगळ्या घराला



"ऑपरेशन चांगले झाले," असे डॉक्टरांनी सांगितले की सगळ्यांना हायसे वाटते. पण आम्ही सभासदांच्या घरी चौकशीला जातो तेव्हा दिसते ते वेगळेच. घरच्यांची खरी धास्ती पेशंट घरी आल्यावर सुरू होते. म्हणून आज पेशंटला सांभाळणाऱ्यांबद्दल लिहितो.

पहिला धक्का आयसीयूत बसतो. तोंडात नळी, सुजलेला चेहरा, मशीनचे आवाज. काही पेशंट, विशेषतः वयस्कर, असंबद्ध बोलतात, घरच्यांनाही ओळखत नाहीत. बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. भूल, औषधे, मोडलेली झोप यांमुळे असे होऊ शकते आणि बहुतेकांचे काही दिवसांत निवळते. नर्सला लगेच सांगा. पेशंटशी शांतपणे बोलत राहा: आज वार कुठला, आपण कुठे आहोत.

मग घर. बायपाससाठी सहसा छातीचे मधले हाड कापून परत तारेने बांधतात. ते सांधायला साधारण 6 ते 12 आठवडे जातात. तोपर्यंत जड उचलणे, ओढणे बंद. जाळे नाही, इंजिनाची दोरी नाही, बर्फाचा क्रेट नाही. जन्म दर्यावर गेलेला माणूस घरात बसून राहतो. 1 ऑगस्टला बंदी उठते, बोटी बाहेर पडतात आणि हा नुसता बघतो. चिडतो, मध्येच रडतो, राग काढतो बायकोवर. वहिनी, त्यात तुमची चूक नसते. सुरुवातीला असे बऱ्याच जणांचे होते. मात्र उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली, जेवण-झोप सुटली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. शेवटचे असेल तर एक दिवसही थांबू नका.

आणि वहिनींचे काय? रात्री उठून त्यांचा श्वास चाललाय ना ते बघायचे, पहाटे पाटी घेऊन बाजार गाठायचा, गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या. पेजेबरोबर सुका बांगडा दिला नाही म्हणून बोलणी खायची. या धावपळीत स्वतःची बीपीची गोळी राहते.

कधी घाबरायचे हे नेमके कळले की भीती अर्धी होते. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारण असे:
• थकवा, कमी भूक, जखमेला ओढ: सुरुवातीला असतेच.
• ताप, जखमेतून पाणी किंवा पू, छातीचे हाड हलल्यासारखे वाटणे: त्याच दिवशी डॉक्टर.
• बसल्या जागी दम, छातीत जोराची कळ, शुद्ध हरपणे: लगेच 108.

घरात कामे वाटून घ्या. गोळ्या एकाने, रात्रीची जाग दुसऱ्याने. मुलांपासून लपवू नका, त्यांना समजेल असे खरे सांगा. सांभाळणाऱ्याचेच मन भरून आले तर टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, पेशंटच असायला पाहिजे असे नाही.

शेजाऱ्यांनो, भेटायला जाल तेव्हा नुसती फळे देऊन परतू नका. "दोन तास आम्ही बसतो, वहिनी तुम्ही झोपा," एवढे म्हणा. त्यांची पाटी एक दिवस कोणी बाजारात नेली, तर तीसुद्धा मोठी मदत. कोणाच्या घरी गरज असेल तर सोसायटीत कळवा, आम्ही पाळ्या लावून देऊ.