शर्यतीच्या गाडीपुढची गाडी

मोटारींच्या शर्यतीचा विषय निघाला, की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती जमिनीला टेकलेली, अंगभर आकडे मिरवणारी आणि वाऱ्याशी पैज लावणारी गाडी. पण ही गाडी शर्यतीच्या मैदानापर्यंत पोहोचते कशी, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. गंमत अशी, की मैदानावर ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरनं पळणारी ही महाराणी साध्या रस्त्यावर पाऊल टाकू शकत नाही. आतल्या गाद्या काढलेल्या, मध्ये लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला, आवाज कानठळ्या बसवणारा. रस्त्याचा परवाना नाही की विमा नाही. शिवाय ऐन शर्यतीत इंजिन बसलं, तर घरी परत आणणार कोण? म्हणून तिला पालखीतूनच न्यावं लागतं.

आपल्याकडे ही पालखी म्हणजे ट्रक. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० साली सुरू झालेलं मैदान असो, की कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, लांबून येणाऱ्या गाड्या तिथे ट्रकवर चढूनच जातात. अमेरिकेत तऱ्हा निराळी. तिथे ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही हौशी शर्यतवाल्यांची संस्था १९४४ सालापासून आहे, आणि तिच्या शर्यतींत उतरतात ती बहुतेक आपल्यासारखी नोकरदार माणसं. शुक्रवारी संध्याकाळी स्वतःच्या गाडीमागे ट्रेलर जोडायचा, त्यावर शर्यतीची गाडी चढवायची, शनिवार-रविवार धावायचं आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं. मेकॅनिक आपणच, हमालही आपणच. त्यामुळे शर्यतीच्या गाडीइतकाच मोठा प्रश्न असतो तो तिला ओढणाऱ्या गाडीचा. आणि हौसेवर आधीच पैसा ओतलेला असल्यानं ही दुसरी गाडी नेहमी जुनी आणि स्वस्तातलीच शोधली जाते.

माझा थोरला मुलगा ओहायओ राज्यात कोलंबसला असतो. त्याच्याकडे माझदा कंपनीची जुनी मिआटा आहे. १९८९ साली आलेलं हे दोन माणसांचं चिमुकलं मॉडेल तिथल्या हौशी शर्यतवाल्यांचं फार लाडकं. घरापासून शंभरेक किलोमीटरवर लेक्झिंग्टन गावाजवळ ‘मिड-ओहायओ’चं मैदान आहे. इतके दिवस त्याची गाडी एका मित्राच्या ट्रेलरवरून जायची. मित्र दुसऱ्या राज्यात गेला आणि चिरंजीवांनी स्वतःची व्यवस्था करायचं ठरवलं. हाताशी दहा हजार डॉलर, त्यावर एक पैसा नाही. मी एस.टी.च्या कोल्हापूर विभागात तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेली, आणि नेमका त्याच उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलेलो. साहजिकच गाडी शोधायच्या मोहिमेवर आमची नेमणूक झाली.

घरात एक मिनीव्हॅन होतीच. ‘‘बाबा, हिलाच हुक लावू या. इंजिन अडीचशे अश्वशक्तीचं आहे, ओढेल की!’’ मुलगा म्हणाला.

ओढेल, यात शंका नव्हती. आमच्याकडे टोचन करून गाडी आणायची म्हटली की साखळदंड बांधून जीपसुद्धा ट्रक ओढते. पण प्रश्न ओढण्याचा नसतोच, थांबवण्याचा असतो. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मिआटा साधारण १,०५० किलो. ती वाहणारा लोखंडी उघडा ट्रेलर ८५० किलो. जादा टायर, जॅक, हत्यारं, पेट्रोलचे डबे मिळून आणखी २५०. बेरीज झाली २,१५० किलो. मिनीव्हॅनच्या पुस्तकात ओढायची मर्यादा दिली होती ३,५०० पौंड, म्हणजे १,६०० किलोच्याही आत. शिवाय वेग दुप्पट झाला, की थांबवायचा जोर दुप्पट नव्हे, चौपट लागतो. पन्नासच्या वेगाला जे ब्रेक गोड वाटतात, त्यांना शंभरच्या वेगाला चौपट काम पडतं. त्यात मागचं ओझं गाडीच्या स्वतःच्या वजनाएवढं! मिनीव्हॅनचं नाव तिथेच खोडलं.

दुसरं गणित बैलगाडीचं आहे. गाडीत ओझं मागे जास्त झालं, की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलू लागतं. पुढे जास्त झालं, की मान दबून बैल चालेनासे होतात. ट्रेलरचंही तंतोतंत तसंच. त्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा. आमच्या हिशेबात तो सव्वादोनशे ते सव्वातीनशे किलो येत होता. त्यापेक्षा कमी पडला, तर महामार्गावर ट्रेलर शेपटी हलवू लागतो आणि ती शेपटी पुढच्या गाडीलाही हलवते. म्हणून शर्यतीची गाडी ट्रेलरवर वीतभर पुढे की वीतभर मागे उभी करायची, याला फार महत्त्व. हुकावरचा हा भार ओढणाऱ्या गाडीच्या पोटातच मोजायचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, तो आकडा तिथे छापलेला असतो. हुकावर पावणेतीनशे, दोन मोठी माणसं, एक पोर, बॅगा असं करत आमचा हिशेब साडेपाचशेच्या घरात गेला. तेव्हा जाहिरातीतल्या ‘इतके हजार पौंड ओढते’ या वाक्यापेक्षा दारावरचा स्टिकर आधी वाचावा.

मग उरल्या आठ सिलिंडरच्या पिकअप, त्याच चासीवरच्या लांबलचक कुटुंबगाड्या आणि कामगारांच्या जुन्या व्हॅन. व्हॅन सगळ्यात स्वस्त आणि रात्री आत झोपायची सोय, पण लहान मुलाच्या खुर्चीची अडचण. मोठी डिझेल पिकअप म्हणजे हत्ती, पण जुनी झाली तरी किंमत उतरत नाही, आणि दोन टनांसाठी हत्ती पाळायची गरजही नाही. चार दारांची, पेट्रोलवरची, मध्यम पिकअप आमच्या कामाची होती.

एका दुकानात तशीच एक सापडली. रंग असा, की चेहरा पाहून भांग पाडावा! मी खाली आडवा झालो आणि टॉर्च मारला. ओहायओत हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाखाली लागून राहतं. चासीला पापडासारखे पापुद्रे सुटले होते आणि ब्रेकची लोखंडी नळी बोटानं घासली तर तांबडा चुरा हाताला लागला. इंजिन मात्र घड्याळासारखं! विक्रेता इंजिनच ऐकवत होता. जुनी गाडी घेताना माणूस बॉनेट उघडतो. ओढायची गाडी घेताना आधी खाली झोपावं, हे मी मुलाला तिथेच सांगितलं.

शेवटी मीठ फारसं न पडणाऱ्या टेनेसीतून आलेली २०१० सालची शेव्हरोले सिल्व्हराडो पाहिली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या कागदावर घेतलं. लाल होतं. तपकिरी असतं आणि जळकट वास मारला असता, तर पुढचं बोलणंच नको होतं, कारण ओझं ओढताना हे तेल तापतं आणि गिअरबॉक्स त्यातच मरतो. पुढच्या खणात एक स्टिकर होता, त्यावर बारीक अक्षरांत संकेत. त्यात ‘जीटी४’ सापडलं आणि मुलगा खूष झाला. त्याचा अर्थ क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ३.७३. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पावणेचार फेरे. म्हणजे थोडं पेट्रोल जास्त, पण चढावर दम. दिसायला तंतोतंत तशाच गाडीत ३.०८ही असू शकतं, आणि मग ओढायची मर्यादा बरीच खाली येते.

गाडी ८,००० डॉलरला मिळाली. उरलेले २,००० मी खर्चू दिले नाहीत, म्हणजे गाडीच्या किमतीत घालू दिले नाहीत. नवे ब्रेक पॅड, ताजं तेल, गिअरबॉक्सच्या तेलाला जादा कूलर आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर, हे सगळं त्यातून झालं. हा कंट्रोलर ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ बसतो आणि पुढचा ब्रेक दाबला, की ट्रेलरच्या ड्रममधल्या विजेच्या ब्रेकना हुकूम सोडतो. त्याला हातानं दाबायची कळही असते. ट्रेलर शेपटी हलवू लागला, तर पायानं ब्रेक मारायचा नाही. स्टीअरिंग सरळ धरायचं, अॅक्सिलरेटर सोडायचा आणि ही कळ हळूच दाबायची. मागून ओढ बसते आणि ट्रेलर रांगेत येतो. आपल्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर घाट उतरताना पाहिला, की या एका कळीची किंमत कळते.

ट्रेलर मुलानं स्वतंत्रपणे, जुनाच घेतला. त्याच्या टायरवर चक्क ‘एसटी’ अशी अक्षरं! मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. अर्थ मात्र ‘स्पेशल ट्रेलर’, म्हणजे ओझ्याच्या ट्रेलरसाठी बनवलेला टायर. शेजारी चार आकडे होते, ‘२३१४’. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला जन्म. नक्षी नव्यासारखी होती, पण उभ्या-उभ्या म्हातारा झालेला टायर भर उन्हात, भर वेगात फुटतो. चारही बदलले.

या सगळ्या खटाटोपात घरातली एक व्यक्ती गप्प होती. आमच्या सूनबाई. एवढ्या तपासण्या चालल्यात तर शर्यतीच्याच गाडीवर लक्ष द्या की, असं त्या म्हणतील, असं मला वाटत होतं. एका रात्री जेवताना त्या म्हणाल्या, ‘‘बाबा, मैदानावर याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, अंगाला पट्टे असतात, भोवती पिंजरा असतो. धोका दिसला तर झेंडा दाखवायला माणसं उभी असतात. आणि तिथे हा एकटा असतो. रस्त्यावर यातलं काही नसतं, आणि तिथे आम्ही तिघं असतो.’’

मी आयुष्यभर रोज पन्नास-पन्नास माणसं नेणाऱ्या गाड्यांचे ब्रेक बांधले. माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला कधी करता आलं नव्हतं.

निघायच्या आधी मालमोटारींच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर सगळा लवाजमा उभा केला. साखर कारखान्याच्या काट्यासारखाच, पण चिठ्ठीवर प्रत्येक आसाचं वजन वेगळं छापून देणारा. हिशेबापेक्षा साठ किलो जास्त भरले. एक पेट्रोलचा डबा आणि अवजारांची एक पेटी घरी परत गेली.

शर्यतीत चिरंजीव सत्तावीस जणांत एकोणिसावे आले. परतीच्या वाटेवर नातू मागच्या सीटवर गाढ झोपला होता. एका लांब उतारावर पुढे अचानक गाड्या थबकल्या. मुलानं ब्रेक दाबला, ट्रेलरनं मागून जराही ढुशी न देता वेग सोडला आणि आम्ही रांगेत सावकाश उभे राहिलो. पोराची झोपही चाळवली नाही.